ब्रिटनमधील वर्णभेद : दाराचा कायदा आणि घराचा कायदा

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घराचे छायाचित्र आता आपल्या अनेक घरांत आणि विहारांत लावलेले दिसते. १९२१-२२ साली लंडन येथे शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेऊन त्याचे स्मारक केले. आमच्या अभ्यासवर्गात या छायाचित्रावरून एक प्रश्न नेहमी निघतो. साहेबाच्या देशात जात नाही, अस्पृश्यता नाही, मग तेथे सर्व माणसे समानच असतील ना? परदेशात असताना आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे बाबासाहेबांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. त्यामुळे हा प्रश्न पडणे साहजिक आहे. शिवाय आता आपल्या समाजातील मुले-मुली शिष्यवृत्ती मिळवून किंवा नर्सिंगची नोकरी पत्करून तिकडे जाऊ लागली आहेत. त्यांच्या आईवडिलांच्या मनातही हाच प्रश्न असतो, फक्त ते तो मोठ्याने विचारीत नाहीत.

या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. कातडीच्या रंगावरून माणसाला हॉटेलच्या, घराच्या किंवा कारखान्याच्या दारावरून परत पाठवू नये, असे सांगणारा एकही खास कायदा ब्रिटनमध्ये १९६५ सालापर्यंत नव्हता. आपल्या राज्यघटनेने १९५० साली दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते सर्वांना खुले केले आणि अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर केले. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदाही झाला. म्हणजे ज्यांनी आपल्यावर राज्य केले, त्यांच्या आधी दहा-पंधरा वर्षे हे काम आपल्याकडे कागदावर तरी झाले होते. ब्रिटनमध्ये पुढे जे कायदे झाले ते जोडीजोडीने झाले. एक कायदा देशाच्या दारासाठी, म्हणजे काळ्या व सावळ्या माणसाने आत येऊ नये यासाठी. दुसरा कायदा घरासाठी, म्हणजे आत आलेल्या माणसाला समान वागणूक मिळावी यासाठी. एका हाताने दार लोटायचे आणि दुसऱ्या हाताने समतेची पाटी लावायची, असा हा प्रकार जवळजवळ पन्नास वर्षे चालला. तो समजल्याशिवाय त्या देशातील वर्णभेदाचा इतिहास समजत नाही, असे आमचे मत आहे.

आगबोटीवरचे लोक

ब्रिटनमध्ये परके लोक दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथम आले, असा एक समज आहे. तो खरा नाही. आगबोटींवर काम करणारे हिंदी खलाशी त्याच्या कितीतरी आधीपासून लंडन, लिव्हरपूल, कार्डिफच्या गोद्यांत उतरत होते. त्यांत सिल्हटचे होते, पंजाबचे होते, गोव्याचे होते आणि आपल्या रत्नागिरीचेही होते. इंग्रज त्यांना लस्कर म्हणत. गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी पगारावर ते बॉयलरपुढे कोळसा लोटीत असत.

पहिले महायुद्ध संपले, फौजेतले गोरे शिपाई परत आले आणि गोद्यांत काम कमी पडू लागले. १९१९ साली लिव्हरपूल, कार्डिफ, ग्लासगो, साउथ शील्ड्स अशा बंदरांच्या गावांत काळ्या खलाशांवर जमावांनी हल्ले केले. लिव्हरपूलमध्ये चार्ल्स वूटन नावाच्या काळ्या खलाशाचा जमावाने पाठलाग केला. तो गोदीच्या पाण्यात पडला आणि बुडून मेला. यानंतर दंगेखोरांना आवर घालणारा कायदा निघाला असता तर आश्चर्य नव्हते. निघाला तो १९२५ सालचा हुकूम, आणि तो खलाशांविरुद्धच होता. ज्या काळ्या खलाशाजवळ आपण ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागद नसेल, त्याने पोलिसांत नाव नोंदवावे, असा तो हुकूम होता. खलाशांजवळ असे कागद सहसा नसत. त्यामुळे खरेखुरे ब्रिटिश प्रजाजनही परदेशी म्हणून नोंदले गेले. मार खाणाऱ्यालाच चौकीत बोलावण्याची ही रीत वाचकांना अनोळखी वाटू नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक असलेले दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनमधून पार्लमेंटवर निवडून आले. लॉर्ड सॅलिसबरी यांनी त्यांच्याबद्दल 'काळा माणूस' असे उद्गार काढले होते. मतदारांनी ते मानले नाही. पुढे मंचरजी भावनगरी आणि शापुरजी सकलातवाला हे मुंबईचे आणखी दोन पारशी गृहस्थ तेथे खासदार झाले. सकलातवाला यांची खासदारकी १९२९ साली संपली. त्यानंतर आशियाई वंशाचा पुढचा माणूस तेथील कनिष्ठ सभागृहात निवडून जाण्यास १९८७ साल उजाडले. मध्ये अठ्ठावन्न वर्षे गेली.

खोली मिळेना

१९४८ साली ब्रिटनने नागरिकत्वाचा नवा कायदा केला. वसाहतींतील आणि राष्ट्रकुलातील माणसाला ब्रिटनमध्ये येण्याचा, राहण्याचा व काम करण्याचा हक्क त्या कायद्याने कायम ठेवला. त्याच वर्षी जून महिन्यात 'एम्पायर विंडरश' नावाची आगबोट जमैकाहून टिलबरी बंदराला लागली. उतारूंचा ४९२ हा आकडा वर्षानुवर्षे सांगितला जातो, पण बोटीच्या यादीत हजारावर नावे आहेत, आणि त्यांतील आठशेच्या आसपास लोक कॅरिबियन बेटांवरून आलेले होते. कित्येक जण महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलात नोकरी करून गेलेले होते. ज्यांना राहण्याची सोय नव्हती त्यांना सरकारने दक्षिण लंडनमध्ये जमिनीखालच्या एका बॉम्बनिवाऱ्यात उतरवले. कामधंदा देणारी सरकारी कचेरी तेथून जवळ ब्रिक्स्टन भागात होती. ब्रिक्स्टन ही काळ्या लोकांची वस्ती झाली, तिची सुरुवात अशी झाली.

काम मिळत होते, कारण माणसांची गरज होती. लंडनच्या बस आणि रेल्वे चालविणाऱ्या संस्थेने १९५६ सालापासून बार्बाडोस बेटावर स्वतः जाऊन नोकरभरती केली. इस्पितळांत नर्स हव्या होत्या. बर्मिंगहॅमच्या ओतशाळांत आणि यॉर्कशायरच्या लोकर गिरण्यांत रात्रपाळीला गोरे कामगार मिळत नव्हते, तेथे पंजाबी आणि पाकिस्तानी कामगार लागले. अडचण होती ती घराची. 'काळ्यांना जागा नाही' अशा अर्थाच्या पाट्या खिडक्यांत लावलेल्या असत, आणि पाटी नसली तरी दार उघडून चेहरा पाहिल्यावर जागा नुकतीच गेली असे सांगितले जाई. फोनवर बोलताना जी खोली रिकामी होती, ती अर्ध्या तासात भरलेली असे. आडनाव विचारून घर नाकारल्याचा अनुभव ज्यांनी मुंबई-पुण्यात घेतला आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

मग या लोकांनी आपली वाट आपण काढली. कॅरिबियन लोकांत 'पार्डनर' नावाची पद्धत आहे. ती म्हणजे आपली भिशीच. प्रत्येकाने दर आठवड्याला ठरावीक रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकाने सगळी उचलायची. बँका आणि पतसंस्था घरासाठी कर्ज देत नसल्यामुळे पार्डनरच्या पैशावर अनेकांनी पडक्या घरांची पहिली रक्कम भरली. पंजाबी कामगार चार-पाच जण मिळून एक घर घेत. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीचा माणूस येऊन पडे. गिरणगावातील गाळ्यांत आपल्या वडीलधाऱ्यांनी दिवस काढले ते याच रीतीने. मात्र पुढे याच घरांतील गर्दीकडे बोट दाखवून 'हे लोक घाणेरडे राहतात' असा प्रचार झाला.

१९५८ सालच्या ऑगस्टअखेर लंडनच्या नॉटिंग हिल भागात गोऱ्या तरुणांच्या टोळ्या काळ्या माणसांना शोधून मारू लागल्या. काही दिवस दंगल चालली. न्यायालयाने त्यांतील नऊ तरुणांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा दिली. ही शिक्षा त्या काळी कडक मानली गेली, आणि न्यायालयाच्या बाजूने एवढे तरी नोंदवले पाहिजे. पुढच्या वर्षी, मे १९५९ मध्ये, त्याच भागात केल्सो कॉक्रेन या अँटिगा बेटावरच्या सुताराला गोऱ्या टोळक्याने भोसकून ठार केले. त्याबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

दाराचा पहिला कायदा

दंगलीनंतर पार्लमेंटात चर्चा झाली, ती मारणाऱ्यांची फारशी झाली नाही. येणाऱ्यांची संख्या किती, हीच चर्चा झाली. १९६२ साली हुजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रकुलातील नागरिकांवर पहिले बंधन घातले. कामाचे परवानापत्र असल्याशिवाय येता येणार नाही, असे ठरले. कायद्यात रंगाचा उल्लेख कोठेही नव्हता. परंतु राष्ट्रकुल सोडून गेलेल्या आयर्लंडच्या लोकांना व्यवहारात कसलीच आडकाठी झाली नाही. भारत, पाकिस्तान आणि वेस्ट इंडीजच्या लोकांना मात्र झाली. रंगाचे नाव न घेता रंग कसा निवडावा, याचा हा पहिला धडा होता.

या कायद्याचा एक परिणाम करणाऱ्यांच्याही ध्यानात आला नव्हता. त्याआधी पुष्कळसे पुरुष एकटेच येत, चार वर्षे कमावत आणि परत जात. एकदा गेल्यावर पुन्हा येता येणार नाही असे दिसताच त्यांनी परत जाणेच सोडले आणि बायका-मुलांना बोलावून घेतले. माणसे येऊ नयेत म्हणून केलेल्या कायद्याने आलेली माणसे कायमची झाली.

मजूर पक्षाने त्या वेळी या कायद्याला कडाडून विरोध केला होता. पण १९६४ साली निवडणूक आली आणि बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक गावात या पक्षाचा भावी परराष्ट्रमंत्री पराभूत झाला. तेथे काळ्या शेजाऱ्यांची भीती घालणारा अत्यंत हीन प्रचार झाला होता. तो आम्ही येथे देत नाही. त्याच गावात मार्शल स्ट्रीट या रस्त्यावरची घरे नगरपालिकेने विकत घेऊन फक्त गोऱ्या कुटुंबांना द्यावीत, अशी योजना निघाली. इंडियन वर्कर्स असोसिएशन या हिंदी कामगारांच्या संघटनेने अमेरिकेतील काळ्यांचे नेते माल्कम एक्स यांना फेब्रुवारी १९६५ मध्ये तो रस्ता दाखवायला नेले. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. पंजाबी ओतकामगारांच्या बोलावण्यावरून माल्कम एक्स एका लहानशा इंग्रजी गावात येतात, ही गोष्ट आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ब्रिस्टलच्या बसगाड्या

घराचा कायदा काही आपोआप झाला नाही. तो कसा झाला हे समजण्यासाठी १९६३ सालचा ब्रिस्टलचा बसबहिष्कार थोडा विस्ताराने सांगतो.

ब्रिस्टल शहराच्या बसगाड्यांवर काळ्या किंवा आशियाई माणसाला ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नसत. कार्यशाळेत, गाड्या धुण्याच्या जागी त्यांना काम मिळे. आणि ही बंदी केवळ कंपनीची नव्हती. कामगारांच्या युनियनच्या स्थानिक शाखेनेच १९५५ साली तसा ठराव केला होता. नवे लोक आले की आपला ओव्हरटाइम जाईल, ही त्यांची भीती. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत, कारण धोटा भरताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे आणि बाकीच्यांना त्याचा विटाळ होई. चांगला पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला होता. कामगार कामगार भाऊ असे म्हणणे सोपे असते. भाऊपण खात्याच्या दारापर्यंत येऊन थांबते, हे मुंबईत दिसले तसे ब्रिस्टललाही दिसले.

पॉल स्टीफन्सन नावाच्या तरुण कार्यकर्त्याने ही बंदी उघडकीस आणण्यासाठी एक साधी युक्ती केली. त्याने कंपनीला फोन करून गाय बेली या अठरा वर्षांच्या मुलासाठी मुलाखतीची वेळ मागितली. मुलगा शिकलेला, चांगल्या वर्तनाचा होता. वेळ मिळाली. तो कॅरिबियन बेटांवरचा आहे हे कळताच मुलाखत रद्द झाली. आता पुरावा हाती आला. ३० एप्रिल १९६३ रोजी स्टीफन्सन, रॉय हॅकेट, ओवेन हेन्री आणि त्यांच्या सोबत्यांनी बसवर बहिष्कार सुरू केला. अमेरिकेतील मॉन्टगोमेरीचा बसबहिष्कार त्यांच्या डोळ्यांसमोर होता. लोक पायी जाऊ लागले, विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला.

यात एक माणूस असा उतरला, की त्याचे नाव आपल्याकडे क्रिकेटमुळे माहीत असायला हवे. वेस्ट इंडीजचे अष्टपैलू खेळाडू लिअरी कॉन्स्टन्टाइन त्या वेळी त्रिनिदादचे लंडनमधील उच्चायुक्त होते. महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, लॉर्ड्स मैदानावरील सामन्यासाठी ते सहकुटुंब लंडनला आले आणि एका मोठ्या हॉटेलने त्यांना ठेवून घेण्यास नकार दिला. त्यांनी दावा लावला. प्रवाशाला विनाकारण परत पाठवू नये असा खाणावळवाल्यांसाठीचा जुना दंडक होता, त्याच्या आधारे १९४४ साली ते जिंकले. नुकसानभरपाई मिळाली पाच गिन्या. वर्णभेदाचा दावा नव्हेच तो, कारण तसा कायदाच नव्हता. वीस वर्षांनंतर तेच कॉन्स्टन्टाइन ब्रिस्टलच्या प्रश्नावर उघडपणे बोलले. उच्चायुक्ताने असे बोलणे त्यांच्या सरकारला रुचले नाही, पण ते मागे हटले नाहीत.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी कंपनीने बंदी उठवली. त्याच दिवशी अमेरिकेत वॉशिंग्टन येथे मार्टिन ल्यूथर किंग यांची ती प्रसिद्ध सभा झाली. सप्टेंबरात ब्रिस्टलच्या बसवर पहिला बिगरगोरा कंडक्टर चढला. त्याचे नाव रघबीर सिंग. लढा मुख्यतः कॅरिबियन तरुणांनी दिला आणि पहिली नोकरी एका शीख माणसाला मिळाली. याबद्दल कोणी कुरकुर केल्याचे आमच्या वाचनात नाही.

दात नसलेला कायदा

भारताच्या स्वातंत्र्याचे जुने मित्र असलेले फेनर ब्रॉकवे हे खासदार वर्णभेदविरोधी विधेयक पार्लमेंटात वर्षानुवर्षे मांडत होते आणि ते वर्षानुवर्षे बारगळत होते. अखेर मजूर सरकारने १९६५ साली असा कायदा केला. पण आधी काय केले ते पाहा. ऑगस्ट महिन्यात कामाच्या परवान्यांची संख्या वर्षाला ८५०० पर्यंत खाली आणली, आणि डिसेंबरात समतेचा कायदा अमलात आणला. बाहेरच्यांना रोखल्याशिवाय आतल्यांना सामावून घेता येणार नाही, असे या जोडीचे समर्थन उघडपणे केले जाई. बाहेरचा आणि आतला एकाच रंगाचा असेल, तर आतल्याला त्यातून काय समजावे?

शिवाय कायदा फार दुबळा होता. हॉटेल, दारूचा गुत्ता, सिनेमागृह, बस अशा सार्वजनिक ठिकाणी भेदभाव करू नये, एवढेच त्यात होते. नोकरी आणि घर, ज्यांच्यासाठी लोक रडत होते, ती दोन्ही वगळली होती. तक्रार ऐकण्यासाठी मंडळ नेमले, पण त्याचे काम मुख्यतः तडजोड घडवून आणण्याचे. वंशद्वेषाच्या चिथावणीविरुद्ध एक कलम होते, त्याखाली काळ्या वक्त्यांनाही तुरुंगात जावे लागले.

मग सरकारचे डोळे उघडले ते एका पाहणीने. १९६६-६७ साली एका संशोधन संस्थेने तीन प्रकारची माणसे एकाच नोकरीसाठी आणि एकाच खोलीसाठी पाठवली. एक गोरा इंग्रज, एक गोरा हंगेरियन परदेशी आणि एक वेस्ट इंडियन. तिघांची लायकी सारखीच सांगायची, असे ठरले होते. गोऱ्या परदेशी माणसाला काही प्रमाणात त्रास झाला. वेस्ट इंडियन माणसाला त्याच्या कितीतरी पट अधिक झाला. परकेपणामुळे लोक बिचकतात, हे नेहमीचे समर्थन त्या पाहणीने निकालात काढले. अडचण परकेपणाची नव्हती, रंगाची होती. आमच्या दृष्टीने ही पाहणी शंभर भाषणांच्या तोडीची आहे.

१९६८ हे वर्ष या जोडकायद्यांचे सर्वांत उघडे उदाहरण आहे. केनियातील आशियाई लोकांजवळ ब्रिटिश पासपोर्ट होते. तेथील सरकारने त्यांची कोंडी केल्यावर ते ब्रिटनकडे निघाले. तेव्हा ब्रिटनने अवघ्या काही दिवसांत, मार्चच्या पहिल्या तारखेपर्यंत, कायदा पुरा केला. स्वतः, आईबाप किंवा आजा-आजी यांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलेले नसेल, तर ब्रिटिश पासपोर्ट असूनही ब्रिटनमध्ये येण्याचा हक्क नाही! केनियातील गोऱ्याचा आजा ब्रिटनमध्ये जन्मलेला असे, गुजराती किंवा गोवेकर माणसाचा तो कोठून असणार? युरोपच्या मानवी हक्क आयोगाने १९७३ साली या वागणुकीला माणसाची अप्रतिष्ठा करणारी वागणूक ठरवले.

त्याच १९६८ च्या एप्रिल महिन्यात ईनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला ते कुप्रसिद्ध भाषण केले. स्थलांतरितांमुळे देशात रक्तपात होईल, असा त्याचा रोख होता. हुजूर पक्षाच्या नेत्याने त्यांना दुसऱ्याच दिवशी पदावरून काढले. पण लंडनच्या गोदी कामगारांनी पॉवेल यांच्या समर्थनार्थ मोर्चा काढला. हेच पॉवेल १९६० ते १९६३ या काळात आरोग्यमंत्री होते, आणि त्यांच्या खात्याची इस्पितळे वेस्ट इंडीजच्या नर्स आणि भारत-पाकिस्तानचे डॉक्टर यांच्या जोरावर चालत होती. वर्षअखेर घराचा दुसरा कायदा आला. या वेळी नोकरी आणि घर त्यात घेतले, परंतु पीडित माणसाला स्वतः न्यायालयात जाण्याची मुभा अजूनही नव्हती.

साडीतल्या बायका

१९७२ साली युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्यास सांगितले. सुमारे २८ हजार लोक ब्रिटनला आले. लेस्टर शहराच्या नगरपालिकेने तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की आमच्याकडे येऊ नका. लोक आले, आणि पुढे त्याच लेस्टरला त्यांच्या दुकानदारीने आणि दिवाळीने नाव मिळवून दिले.

पूर्व आफ्रिकेत बऱ्या स्थितीत राहिलेल्या गुजराती बायका ब्रिटनमध्ये कारखान्यांत कामाला लागल्या. लंडनच्या विल्सडन भागात ग्रनविक नावाचा फोटो धुण्याचा कारखाना होता. जबरदस्तीचा ओव्हरटाइम आणि अपमानाची भाषा यांना कंटाळून ऑगस्ट १९७६ मध्ये जयाबेन देसाई यांनी काम सोडले, आणि त्यांच्यामागे इतरही बाहेर पडले. साडीवर कोट घालून, हिवाळ्याच्या थंडीत, जवळजवळ दोन वर्षे त्या दारावर उभ्या राहिल्या. टपाल कामगारांनी कारखान्याची पत्रे उचलणे बंद केले. १९७७ साली हजारो गोरे कामगार, त्यांत खाणकामगारही, त्यांच्या पाठीशी दारावर आले. सरकारी चौकशीने बायकांना परत घ्यावे अशी शिफारस केली, ती मालकाने मानली नाही. जुलै १९७८ मध्ये संप हरला. दहा वर्षांपूर्वी पॉवेलसाठी मोर्चा काढणाऱ्या गोदी कामगारांपैकी काही या वेळी साडीवाल्या बायकांच्या बाजूने उभे होते. संप हरला तरी हा फरक खोटा नव्हता.

१९७६ सालीच घराचा तिसरा आणि खरा कायदा झाला. आता माणसाला स्वतः दाद मागता येऊ लागली. वरून सर्वांना सारखा दिसणारा, पण प्रत्यक्षात एका समाजाला वगळणारा नियमही भेदभावच आहे, हे तत्त्व त्यात आले. याच कायद्याखाली १९८३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने एका शीख मुलाच्या पगडीच्या प्रकरणात निकाल दिला, की केवळ धर्म म्हणून नव्हे, तर समान इतिहास असलेला जनसमूह म्हणूनही शिखांना या कायद्याचे संरक्षण आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

मात्र दारावर अजूनही तोच व्यवहार होता. जानेवारी १९७९ मध्ये लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची लंडनच्या विमानतळावर कौमार्यतपासणी करण्यात आली. वर्तमानपत्राने ते छापल्यावर गदारोळ झाला, भारत सरकारने निषेध केला आणि ही पद्धत बंद करावी लागली. आपल्या देशातील ब्रिटिश कचेऱ्यांतही अशा तपासण्या झाल्या होत्या, हे पुढे कागदपत्रांतून उघड झाले.

पोलीस आणि एक बसथांबा

१९७६ च्या कायद्यात एक मोठे भोक होते. पोलिसांचे रोजचे काम त्याच्या कक्षेबाहेर राहिले. लंडनच्या पूर्व भागात मे १९७८ मध्ये अल्ताब अली या बांगलादेशी तरुण कामगाराचा खून झाला, तेव्हा सुमारे सात हजार लोक त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. १९८१ च्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या झडतीसत्राला कंटाळून ब्रिक्स्टन पेटले. न्यायमूर्ती स्कारमन यांनी चौकशी केली, पण पोलीस दल संस्था म्हणून वर्णद्वेषी आहे, हे मान्य केले नाही.

ते मान्य व्हायला एका मुलाचा जीव जावा लागला. २२ एप्रिल १९९३ च्या रात्री दक्षिण-पूर्व लंडनमध्ये बसची वाट पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या स्टीफन लॉरेन्सला गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने भोसकले. संशयितांची नावे लोकांनी पोलिसांना लगेच कळवली होती, तरी अटक लांबवली गेली. त्याचे आईवडील डोरीन आणि नेव्हिल यांनी वर्षानुवर्षे सरकारी दारे ठोठावली. १९९९ च्या मॅक्फर्सन अहवालात 'संस्थात्मक वर्णद्वेष' हे शब्द आले आणि ७० शिफारशी आल्या. २००० साली कायदा दुरुस्त होऊन पोलीस त्याच्या कक्षेत आले. दोन आरोपींना शिक्षा झाली ती जानेवारी २०१२ मध्ये. मुलगा जिवंत राहिला असता तर तेव्हा सदतीस वर्षांचा असता.

जातीचा प्रश्न

आता अभ्यासवर्गातील मूळ प्रश्नाकडे येतो. साहेबाच्या देशात जात नव्हती हे खरे, पण आपल्या लोकांनी ती सामानाबरोबर नेली. बेडफर्ड, वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, साउथॉल येथे पंजाबातून गेलेल्या दलित कामगारांची वस्ती झाली. त्यांत बाबासाहेबांचे अनुयायी आणि बौद्ध पुष्कळ आहेत. त्यांना कारखान्याच्या दारावर गोऱ्याकडून रंगाचा आणि जेवणाच्या सुट्टीत आपल्याच देशबांधवाकडून जातीचा अनुभव आला. त्यांच्या संघटनांनी जातीला कायद्यात स्थान द्यावे, अशी मागणी लावून धरली.

२०१० साली सर्व समताविषयक कायदे एकत्र करून नवा कायदा झाला. जातीचा समावेश करता येईल, अशी तरतूद त्यात ठेवली. २०१३ साली पार्लमेंटाने तो समावेश सरकारवर बंधनकारक केला. हिंदूंच्या काही संघटनांनी त्यास जोरदार विरोध केला. दरम्यान बिहारमधून नेलेल्या एका आदिवासी मोलकरणीचा दावा न्यायाधिकरणापुढे आला. तिला तासाला काही पेन्स एवढ्या मजुरीवर राबवले होते. अपील न्यायाधिकरणाने २०१४ साली म्हटले, की जात ही 'वांशिक मूळ' या शब्दांत बसू शकते. मागे सांगितलेला पगडीचा निकाल येथे कामी आला. तिला सुमारे १ लाख ८४ हजार पौंड थकलेले वेतन देण्याचा हुकूम २०१५ साली झाला.

जुलै २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केले, की न्यायाधिकरणाचा हा निकाल पुरेसा आहे, जातीचा शब्द कायद्यात घालणार नाही. त्यामुळे या निर्णयानंतर तेथे जातीवरून छळ झालेल्या माणसाला आपली तक्रार 'वांशिक मूळ' या शब्दांत बसवून दाखवावी लागते, आणि ते प्रत्येक खटल्यात नव्याने करावे लागते.